गुटीचं शेवाळ

मी रोहिदास, जव्हारला कचेरीत कारकून. रोपवाटिकेचं एक प्रशिक्षण काय घेतलं, मी स्वतःला झाडांचा डॉक्टर समजू लागलो. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात थोरल्या देवरामदादाने आमच्या गावी, दाभोशाला, नवं घर बांधायचं ठरवलं. जोतं नेमकं आईच्या लिंबावर येत होतं, म्हणजे दिवाळीनंतर झाड तोडावं लागणार. आईचा त्या झाडावर भारी जीव. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आये, घाबरू नको. गुटी बांधतो."

गुटी म्हणजे फांदीची साल बांगडीसारखी गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक बांधायचं. आत मुळं फुटतात, मग ती फांदी कापून लावली की नवं झाड. प्रशिक्षणात साहेब "शेवाळ लावा" एवढंच म्हणाले होते. मला शेवाळ ठाऊक ते विहिरीतलं, बुळबुळीत. बादलीभर काढलं आणि फांद्यांना थापलं. थोड्याच दिवसांत अंगणात उभं राहवेना.

"फांदीला मासळी बांधलीस का रं?" आईने नाकाला पदर लावला. फांद्या काळ्या पडल्या.

जव्हारच्या बाजारात प्रशिक्षणाचे साहेब भेटले. ऐकून इतके हसले की चहा शर्टावर सांडला. त्यांना हवं होतं खडकावरचं शेवाळ, गोधडीसारखं दाट. त्याला फूल नाही, खरं मूळही नाही. उन्हात वाळून कुरकुरतं, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं. पाणी इतकं धरतं की पिळूनच बांधावं लागतं, नाहीतर फांदी कुजते.

ते ओहोळाच्या कातळावर भरपूर होतं. मी ऐटीत पाय ठेवला आणि बसल्या बसल्या थेट डबक्यात पोहोचलो. कंबर अशी धरली की कचेरीत कित्येक दिवस उभ्यानेच फायली पाहिल्या. मोठ्या साहेबांना वाटलं, हा कामसू झाला. गुट्या मात्र उरलेल्या फांद्यांना बांधल्या.

दसऱ्याला एका गुटीत पांढरी मुळं दिसली. फांदी कापून डालड्याच्या डब्यात लावली, मातीवर ओलं शेवाळ पसरलं आणि डबा मांडीवर घेऊन जव्हारच्या जीपमध्ये बसलो.

"आये, जव्हारच्या माझ्या खोलीच्या दारात लावतो. तुझं झाड वाचलं बघ!"

आई जीपच्या दाराशी उभी होती. "वाचलं, बरं झालं. पण मंग लिंबं न्यायाला तू घरी कशाला येशील?"

जीपवाला ओरडत होता. मी डबा घेऊन खाली उतरलो.