काहीच न घेणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका घेण्याला भिणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात झाला नाही. कर्जतमध्येही नसावा, आणि कर्जत मी भरपूर फिरलो आहे. सत्तरच्या दशकात घाटाखाली एक परदेशी कंपनी वीजघर उभारत होती आणि कंत्राटदारांचं काम तपासून पास करायची नोकरी साडूंकडे होती. रुजू होतानाच गोऱ्या साहेबानं बजावलं होतं, की कुणाकडून काडीही घ्यायची नाही. हे त्यानं सगळ्यांनाच सांगितलं होतं. ऐकलं मात्र एकट्या साडूंनी, आणि तेही असं, की पुढे साहेबालाच पश्चात्ताप व्हावा.

कामासाठी कुठंही जाताना ते स्वतःचा चहा थर्मासमधून नेत. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, हळदीकुंकवाला निघाली की "यजमान कंत्राटदार नाहीत ना?" अशी चौकशी होई. असले, तर वाण तिथंच ठेवून यायचा हुकूम सुटे. बिचारी कुंकू तेवढं लावून परत येई. एका कंत्राटदाराकडे सत्यनारायण होता. साडूंनी तीर्थ घेतलं, द्रोणातला शिरा मात्र नमस्कार करून परत केला. मी कोपरानं ढोसलं, तर माझ्या कानात म्हणाले, "तीर्थ देवाचं. शिऱ्यातलं तूप कंत्राटदाराचं!" त्यांच्या वाटणीचा शिरा मीच खाल्ला. माझ्याकडे पास करण्यासारखं कुणाचं काही नव्हतं.

एकदाच त्यांची पंचाईत झालेली मी पाहिली. ठाकुरवाडीकडच्या एका म्हातारीचा मुलगा वीजघरावर मजुरीला होता. ती वेलाची पहिली काकडी घेऊन दारात आली. साडू हात मागे बांधून म्हणाले, "बाय, मला चालत नाही."

म्हातारी चिडली. "आरं दादा, ही काय लाच हाय का? पयली काकडी हाय. पयली एकट्यानं खायाची नाय रं!"

साडू विचारात पडले. शेवटी त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, आतून मीठ आणलं आणि दोघांनी अर्धी अर्धी काकडी खाल्ली. "मीठ माझं होतं," हे त्यांनी नंतर मला मुद्दाम सांगितलं.

मग ट्रान्सफॉर्मरची भानगड उपटली. वीजघराचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर यायचा होता आणि वाटेतल्या जुन्या पुलावरून तो आणण्याची परवानगी एका कचेरीत अडली होती. साडू रोज तिथल्या बाकावर बसून आपला चहा पीत. न राहवून एक दिवस कारकून म्हणाला, "साहेब, तुमी रोज येताव, पन रिकाम्या हातानं येताव. अशानं कागद हलत नाय."

साडू तडक साहेबाकडे गेले. साहेब भडकेल, वर तक्रार करील, अशी त्यांची खात्री होती. साहेब शांतपणे म्हणाला, "मग देऊन टाका. घेऊ नका म्हणालो होतो. देऊ नका, असं मी कधी म्हणालो?"

दिलं नाही, तर नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर कंपनीचं घरही. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी पडलो व्यवहारी माणूस. म्हटलं, "पैसे कंपनीचे, काम कंपनीचं. तुमचं काय जातं?"

"हात माझा असतो ना," ते म्हणाले.

नोकरी गेली. कंपनीनं मुंबईचा एक दलाल नेमला, कागद हलला, ट्रान्सफॉर्मर पूल ओलांडून आला आणि वीजघर थाटात सुरू झालं. समारंभाला साडूंना बोलावणं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. ते कर्जतला भाड्याच्या खोलीत राहून पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करू लागले.

असाच एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. हातातलं काम ठेवून ते म्हणाले, "माझ्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही हो. मी उगीच हट्ट केला का?"

ताई पोळ्या टाकून बाहेर आली. "कंपनीचं घर सोडलं, तेव्हा सामान कुणी बांधलं? मी. तुम्ही चुकत असता, तर मी बांधलं असतं का?"

साडूंनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले. मला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला असेल, तर तो त्या घटकेला त्यांचा.