समोर बसून केलेली सही

माधवी परब गेली, हे मला वकिलांच्या ग्रुपवर कळलं. दीड महिना झाला त्याला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी काहीच लिहिलं नाही. चार वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो...

अंधेरीच्या कोर्टात ती सरकारी वकील आणि मी बहुतेक वेळा आरोपीचा. कडकडून भांडायची आणि सुट्टीत डब्यातली अर्धी कोलंबी मला वाढायची. एका चोरीच्या खटल्यात तिच्या लक्षात आलं, की पंच जागेवर गेलाच नव्हता. पंचनाम्यावरची सही चौकीत बसून झाली होती. तिने ते स्वतःच न्यायाधीशांना सांगितलं. तपास अधिकारी वैतागला, "मॅडम, केसची वाट लागली ना!"

"लागू दे. असल्या सहीवर मी कोणाला आत पाठवणार नाही."

मी तिचं तोंडभर कौतुक केलं. आरोपी माझाच अशील होता ना!

पुढे ती वकिलांच्या शिस्त समितीवर गेली, आणि तिथे माझंच प्रकरण आलं. प्रतिज्ञापत्रावर 'या व्यक्तीला मी ओळखतो' अशी सही वकील करतो, ती माणूस समोर असताना. आम्ही घाईत तशीच ठोकून द्यायचो. एका म्हाताऱ्यांचा कागद त्यांच्या पुतण्याने आणला, मी सही केली. म्हातारे तेव्हा गावी होते; कागदावरची सही त्यांची नव्हतीच. त्यांची चारकोपची खोली पुतण्याने लाटली.

आमची ओळख म्हणून माधवी त्या सुनावणीतून बाजूला झाली. मला वाटलं, निदान शब्द तरी टाकेल. तिने फोन केला तो एवढंच सांगायला, "खोटं उत्तर देऊ नकोस रे. कबूल कर." केलं कबूल. सहा महिने वकिलीची सनद निलंबित झाली. राग मात्र मी तिच्यावर काढला. ती आजारी आहे हे कळूनही गेलो नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी वारसाचे कागद घेऊन आली. प्रतिज्ञापत्रावर वडिलांची सही आधीच झालेली. "काका, बाबांना तुम्ही तीस वर्षं ओळखता. करून टाका ना."

मी पेन उघडलं होतं... टोपण परत लावलं. "नवा कागद काढ. मी घरी येतो."

मुलुंडचं ते घर, चार वर्षांनी. माधवीच्या नवऱ्याने, परबांनी, दार उघडलं आणि मला आत घेतलं. जेवणाच्या टेबलाशी, तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून त्यांनी सावकाश सही केली. मी बघत होतो. मग त्याखाली माझी केली.

"ती म्हणायची," परब पेन परत देत म्हणाले, "शरद रागावलाय, पण येईल."

आलो खरा... ती समोर नसताना.