आई खेळ बघायला आली

माझे वडील गोल्फच्या मैदानावर गवत कापायला होते. सुट्टीच्या दिवशी आमच्या मुठा गावाहून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मीही जायचे. तिथं कुणीतरी टाकून दिलेल्या स्टिकने मी चेंडू मारायला शिकले. स्टिक उजव्या हाताची आणि मी डावखुरी, म्हणून ती उलटी धरून मारायचे. पुढे शिकवायला सर मिळाले. ते म्हणाले, "डाव्या हाताच्या स्टिकचा सेट मिळणं अवघड आहे. उजव्याने खेळ." दोन वर्षं तसं खेळले. चेंडू भलतीकडेच जायचा. शेवटी गुडघ्यांमुळे खेळ सोडलेल्या, क्लबच्या एका डावखुऱ्या सभासदाने आपला सेट मला देऊन टाकला. तो माझ्या उंचीला लांब होता, जडही होता. पण चेंडू सरळ गेला आणि सरांनी पुन्हा उजव्या हाताचा विषय काढला नाही.

व्यावसायिक झाल्यावर एक स्पर्धा जिंकले. बाकी सगळं आठवतं ते एकसारखंच: विमानतळ, हॉटेलच्या खोल्या आणि सरावाच्या रांगेत कडेची जागा. डावखुरी मधे उभी राहिली की शेजारणीच्या अगदी समोरासमोर येते, मग दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून मी आपणहून कडेला जायचे.

गेल्या वर्षी उजवं मनगट धरलं. डावखुऱ्यांना फटक्याचा हिसका तिथंच बसतो. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले, मी पट्टी बांधून खेळत राहिले. थांबले तर करायचं काय, हे मला माहीत नव्हतं.

अशातच आमच्या मुळशी तालुक्यात एक स्पर्धा झाली. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. आईने माझा खेळ कधी पाहिला नव्हता. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी ती शेळ्या शेजारणीकडे सोपवून आली आणि डोक्यावर पदर घेऊन प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडून माझ्याबरोबर चालू लागली. मधेच एकदा तिने विचारलं, "समद्या तिकडं तोंड करून हुभ्या ऱ्हात्यात, तू एकलीच अशी का गं?"

"डावखुरी आहे ना मी."

"व्हय की," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

पहिल्या दोन दिवसांत मागे पडलेल्या बाद होतात; तिसऱ्या दिवशी खेळायचं तर शेवटच्या होलवर चूक चालणार नव्हती. माझा चेंडू दाट गवतात गेला. मी जोरात मारला, स्टिक गवतात अडकली आणि मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. चेंडू जेमतेम बाहेर आला. एक फटका जास्त झाला आणि माझी स्पर्धा तिथंच संपली.

आईला गाडीत घेऊन मी घरी निघाले. पिरंगुटच्या आसपास गाड्यांच्या रांगेत अडकलो तेव्हा ती म्हणाली, "हात दाव." मी दाखवला. सुजला होता.

"रोज येवढं चालायचं, आन् वर ह्यो असा हात?"

"रोज नाही गं."

"दमलीयास तू. लई दमलीयास. मला तितंच दिसलं."

पुढची गाडी हलली, तेव्हा मीही हलवली. माझ्या भूगावच्या फ्लॅटवर आल्यावर आईने तेल कोमट करून मनगटाला लावलं आणि मी जेवण न करताच झोपले.

सकाळी उठून पुढच्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं. फोनवरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुखापत?" मी हो म्हणाले. पुढे काय ते त्यांनी विचारलं नाही, मलाही सांगता आलं नसतं.

आता आठवड्यातून काही दिवस सकाळी मी सरावाच्या मैदानावर शिकवते. मारुंजी-हिंजवडीकडच्या नोकरदार बायका येतात, ऑफिसच्या आधी तासभर. सगळ्या उजव्या हाताने खेळणाऱ्या. मी समोर उभी राहून फटका दाखवते तेव्हा त्यांना तो आरशात बघितल्यासारखा दिसतो, म्हणून माझ्याकडून लवकर शिकतात असं त्या म्हणतात. असेलही. मनगट अजून पूर्ण बरं नाही. दुपारी घरी येऊन पडते, आणि बऱ्याच वर्षांनी मला शांत झोप लागते.