भिंतीपार गेलेली फोर्कलिफ्ट

वडप्याच्या गोदामात, शेठच्या केबिनमध्ये, आमची फोर्कलिफ्ट भिंतीतून आरपार निघून गेली आणि शेठ हसले. नव्या ड्रायव्हरांना माल उचलायला शिकवणारा गेम आम्ही त्यांच्याच गोदामाचा नकाशा घेऊन बनवला होता. जमिनीवर घरं आखलेली. मालाचा कप्पा बाराव्या घरात, म्हणजे गाडीने एक घर पुढे, तेराव्यात थांबायचं. पण ती पडद्यावर कुठल्या कुठे, करड्या रिकाम्या जागेत उभी होती.

"ही तर पार अंजूर गावात पोचली," शेठ म्हणाले. "ठाण्यावाल्यांची निदान गोदामात तरी राहायची."

माझं डोकं फिरलं. मागच्या वेळी माझाच नमुना ठेवून घेऊन शेठनी काम ठाण्याच्या कंपनीला दिलं होतं. त्यांचा गेम ड्रायव्हरांना जमेना, म्हणून आज मला बोलावलं. हे काम मला हवंच होतं.

शेजारी आमच्या गेमची स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणारी शेलार गावची मुलगी बसली होती. तिच्यावरच खेकसलो, "ऑफिसात चालत होतं ना?"

"दादा, ओरडून नंबर बदलत न्हाय. जरा गप बसा."

तिने स्क्रिप्टला गाडीने थांबायच्या घराचा आकडा दाखवायला लावला. एकशे एकवीस.

"ऑफिसात नंबर मी हाताने टाकले होते," ती म्हणाली. "आज गोदामाच्या कम्प्युटरवरून घेतले. तिकडे बारा हा आकडा न्हाय, मजकूर म्हणून ठेवलाय. त्यात एक मिळवायला सांगितला, तर बाराच्या पुढे एक नुसता चिकटला."

बेरजेआधी मजकुराचा आकडा करून घेणारी एक ओळ तिने लिहिली. शेठ घड्याळ बघत होते. गाडी वळली, तेराव्या घरात येऊन थांबली.

"झकास," शेठ म्हणाले. "गेमचा पेन ड्राइव्ह ठेवून जा. उद्या कळवतो."

"काम दिलं म्हणून आत्ता लिहून द्या, मग ठेवतो."

"एवढा भरवसा नाही?"

"मागच्या वेळी होता, शेठ."

ते मोबाइल बघायला लागले. मी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि उठलो.

हायवेवर मुलीने रिक्षाला हात केला. मग म्हणाली, "आता कोणाला दाखवायचा?"

"बाजूच्याला," मी म्हटलं. "वडप्यात काय एकच गोदाम हाय?"