दुपारी भरायचा चुडा

शहागंजात बांगड्या भराव्यात त्या ताहेरा मणियारणीकडूनच. अंगठा मुडपून, हात चेपत ती अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी अशी सरकवायची, की बाईला पत्ताबी लागायचा नाय.

तर त्याच ताहेराच्या हातून बांगड्या फुटायला लागल्या. बोटांची पेरं सुजून टम्म झाली. नवरा अन्सार म्हणाला, "नजर लागलीय. आराम कर." तिनं दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप अस्वलागत दोन्ही तळव्यांत धरायची पाळी आली!

अन् आठवड्यावर जुनं गिऱ्हाईक असलेल्या दगडाबाईच्या नातीचा, राजनंदिनीचा लग्नचुडा. सकाळी नऊला भरायचा. नवरीची बांगडी फुटली तर अपशकुन. मग ताहेरापुढं कोण हात करंल?

क्रांती चौकातल्या डॉक्टर दीपमालांनी विचारलं, "सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"घड्याळ कोन बघतंय, म्याडम? पहिल्या सहा गिऱ्हाइकांच्या फुटतात. दुपारची अजान झाली की एकबी नाय."

"आणि सुट्टीनंतर?"

"शुक्रवारी दुकान बंद. शनिवारी लई फुटतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, निम्मं निदान तुम्हीच करून आणलंत! झिजलेला सांधा कामानं कुरकुरतो, आरामानं निवतो. तुमचं उलटंच. आमवात दिसतोय. रक्त तपासू."

रक्तानंही तेच सांगितलं. गोळी सुरू झाली, पण गुण यायला दीड-दोन महिने.

दोन महिने! चुडा तर गुरुवारी. ताहेरा तडक दगडाबाईकडं गेली. "मावशी, खोटं नाय बोलत. माझी बोटं दुपारशिवाय उठत नायत. दुसरी मणियारीण बघा, नायतर चुडा दुपारी भरू."

दगडाबाईनं तिची बोटं उलटीपालटी करून बघितली. "एवढं सुजलं तरी आत्ता सांगतीस व्हय गं, भवाने? लगीन भटजीच्या टायमाला लागंल. बांगड्या तुझ्या टायमाला."

गुरुवारी चार वाजता ताहेरानं राजनंदिनीचा हात धरला. हिरव्या बांगड्या एकेक करत चढल्या. शेवटची अंगठ्याच्या हाडावर अडली. ताहेरानं तिचा अंगठा पुन्हा मुडपला.

"हात सैल सोड, बेटा."

सरकली! अख्खी.

बायांनी धडाधड हात पुढं केले. दगडाबाईची धाकटी सून तेवढी म्हणाली, "मला आता सवड नाय. परवा सकाळी येशील का गं?"

ताहेरानं तोंड उघडायच्या आत दगडाबाई वसकली, "दुपारी म्हन, दुपारी!"