बालाजीची डावी बाजू

बालाजी गेला, असं उषावहिनींनी मला सांगितलंच नाही. मी सकाळी शेडचं शटर वर करत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. "भावजी, मशीन झाकून ठेवा," एवढंच म्हणाल्या. मग कितीतरी वेळ पलीकडून हॉस्पिटलच्या जिन्यातले आवाज येत राहिले... मी आत गेलो, मापाच्या खोलीतला एसी बंद केला, मशीनवर चादर टाकली आणि तिथंच खाली बसलो. त्याला आता तीन महिने होत आले. पण बालाजीविषयी लिहायचं म्हटलं की तो दिवस आठवत नाही. त्याआधीचे महिने आठवतात. त्या महिन्यांत तो आमच्या डोळ्यांदेखत, हळूहळू, एका बाजूनं नाहीसा होत गेला.

तो शिरूर कासारकडचा. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात आणि हा वसतिगृहात राही. बीडला डिप्लोमा करताना आमची गाठ पडली. पुढं पुण्यात आम्ही एकाच कारखान्यात लागलो, मी कटिंगच्या मशीनवर आणि तो तपासणीला. चाळिशी जवळ आल्यावर दोघांनी मिळून माजलगावच्या बाहेर शेड टाकली आणि पंपांची कव्हरं करायला सुरुवात केली. मापाचं मोठं यंत्र, सीएमएम, त्यानं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवलं. त्याचं ग्रॅनाइटचं टेबल ट्रकमध्ये चढवलं तेव्हा ड्रायव्हरनं त्याला पुढं बसायला सांगितलं. ऐकलं नाही. पुण्यापासून माजलगावपर्यंत हा मागं त्या दगडाला टेकून, धूळ खात आला. "रस्ता लई बेकार हाय बे," उतरल्यावर म्हणाला, "पण धक्का लागू दिला न्हाई."

त्याचं काम काय, असं कुणी विचारलं की तो हौसेनं सांगायचा. "पार्ट टेबलावर कसाबी ठिवा, वाकडा ठिवा, तिरपा ठिवा. मशीनला फक्त तीन गोष्टी सांगायच्या. ह्याचं तोंड कुठं, ह्याची सरळ बाजू कुठली, आन् ह्याचं शून्य कुठं. तेवढं सांगितलं की पुढचं सगळं मशीन बघतंय." मग कव्हर ठेवून तो प्रोबच्या, म्हणजे मशीनच्या मापाच्या सुईच्या, टोकाचा लाल मणी वरच्या तोंडावर तीनदा टेकवी, डाव्या बाजूला दोनदा आणि पुढच्या कडेला एकदा. इतकं हलकं, की मशीनचा आवाज झाला तरच टेकल्याचं कळे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यानं माझी कव्हरं नापास करायला सुरुवात केली. सगळी भोकं एकाच बाजूला सरकलेली दाखवत होता. मी साध्या गेजनं तपासलं, भोकं जागच्या जागी होती. त्यानं पुन्हा लावून बघितलं आणि हसला. "सरळ बाजू म्हणून मी उजवी घेतली की. ड्रॉइंगात डावी हाय." आठवड्यानं पुन्हा तेच झालं. मग एक दिवस प्रोब पार्ट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर जाऊन आदळला आणि मणी तुटून खाली पडला.

"तिथं क्लॅम्प नव्हता," तो म्हणाला.

क्लॅम्प तिथंच होता, त्याच्या डाव्या हाताला. त्यानं स्वतःच लावलेला.

बालाजीची बायको, उषावहिनी, शेडवर पॅकिंग बघायच्या. दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवत असू. त्या दिवशी बालाजीनं अर्धी भाकरी खाल्ली, उजव्या बाजूची भाजी संपवली आणि म्हणाला, "पिठलं न्हाई केलं का आज?" पिठलं ताटात डावीकडं वाढलेलं होतं, त्यावर साय धरायला लागली होती. वहिनींनी ताट फिरवलं. तो जेवू लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

आम्ही दोघं त्याला कसं सांगायचं या विचारात होतो, तोच त्यानं मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. टेबलावर एक कव्हर होतं. चांगलं, पास झालेलं. रोज सकाळी आल्याबरोबर तो तेच एक कव्हर लावून मापत होता, आम्हाला न सांगता.

"मशीनमधी काय बी खोट न्हाई," तो म्हणाला. "कव्हर बी तेच हाय. रोज येगळं माप येतंय. मीच एकीकडं चाललोय बे."

"कावून असं बोलतो? डोळे तपासून घेऊ."

"डोळ्याचं न्हाई हे." तो कव्हरावर हात ठेवून उभा होता. "डावीकडं काय असतं, तेच ध्यानात येईना झालंय."

बीडला तपासलं, मग संभाजीनगरला. डोक्यात उजवीकडं गाठ निघाली. ऑपरेशन ठरेपर्यंतच्या दिवसांत तो रोज मापाच्या खोलीत वहिनींना मशीन शिकवत बसे. मी काचेतून बघायचो. वहिनी मणी पार्टजवळ न्यायच्या आणि पुन्हा मागं घ्यायच्या. "मला न्हाई जमायचं. तुमी बरं होऊन या आन् तुमीच करा," त्या म्हणायच्या. तो म्हणायचा, "ये, बस. पयलं तोंड."

ऑपरेशननंतर तो घरी आला, पण फार थोडा आला. एकदा भेटायला गेलो होतो, तर पलंगावर पडून स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होता. मला हळूच म्हणाला, "हे कुणाचं हाय रे? उचलून घेऊन जा म्हणावं." मी तो हात माझ्या हातात घेतला. गरम होता.

दहावं-तेरावं झाल्यावर वहिनी शेडवर आल्या आणि चादर काढून मशीनसमोर बसल्या. पार्ट लावताना कुठं टेकवायचं याची सूचना पडद्यावर येते. प्रत्येक कव्हराच्या प्रोग्राममधल्या या सूचना बालाजीनं वहिनींसाठी मराठीत लिहून ठेवल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. 'वरच्या तोंडावर तीन टच.' 'डाव्या बाजूला दोन टच. सावकाश.' सगळं नीट होतं.

अगदी शेवटी केलेल्या एका प्रोग्राममध्ये मात्र डावी बाजू नाही. तिथं लिहिलंय, 'उजव्या बाजूला दोन टच.' त्याच्याखाली पुन्हा, 'उजव्या बाजूला दोन टच.'

"हे दुरुस्त करून घेऊ," मी म्हणालो. "उद्या दुसरं कुणी बसलं तर घोळ होईल."

"दुसरं कोण बसणार हाय हितं?" वहिनी म्हणाल्या. "राहू द्या."

त्या कव्हराचं काम आलं की मी अजून काचेपाशी जाऊन थांबतो. पडद्यावर त्याची ओळ येते. वहिनी ती शेवटपर्यंत वाचतात, मान हलवतात आणि मणी डाव्या बाजूला नेऊन टेकवतात.