पाहुण्यांचं घर आणि अंगणातला मोह

माझा स्वभाव मुळातच भित्रा. चिंता करायला काही सापडलं नाही, की मी त्याचीच चिंता करत बसते, असं आमच्या घरात म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण त्या उन्हाळ्यात मला कारण शोधावं लागलं नाही. नवरा भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. कॉलनीतलं क्वार्टर पावसाळ्याआधी सोडायचं होतं आणि आम्हाला जायला घर नव्हतं. मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली, घर बांधायचं तेवढं राहून गेलं.

माझा धाकटा दीर इंग्लंडात असतो. त्यानं जंगलाच्या गेटाजवळच्या एका गावात, एका ठेकेदारानं बांधलेलं घर हौसेनं घेऊन ठेवलं होतं. त्याचा फोन आला. "वैनी, हे घर मी सुट्टीवर येणाऱ्या लोकांना भाड्यानं देणार आहे. इकडच्या लोकांना वाघाचं फार वेड. तुम्ही दोघं ते मांडून द्या. जमलं, तर मागच्या दोन खोल्यांत कायमचे राहा आणि आल्यागेल्याचं बघा. नाही जमलं, तर विकून टाकतो. इतक्या लांबून मला ते सांभाळणं होणार नाही." पहिले पाहुणे एप्रिलात येणार होते. त्याच्या साहेबाच्या नात्यातलं एक वयस्क जोडपं.

म्हणजे आमचं छप्पर त्या दोन अनोळखी माणसांच्या पसंतीवर लटकलेलं होतं. दीर मनाचा वाईट नव्हता. तो व्यवहाराचं बोलला आणि आम्ही त्या गावी जाऊन कामाला लागलो.

वऱ्हाडासाठी घर कसं मांडायचं, ते मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. सतरंज्या, उशा, पाण्याची टाकी, सुपारीचं तबक. पण ज्यांना कधी पाहिलं नाही, जे काय खातात, कसे झोपतात, कशानं नाराज होतात हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी घर कसं मांडायचं? गावात फोन एकच, स्टँडवरच्या पानठेल्यात. दिराचा फोन आला की पानठेलेवाला हाक मारायचा आणि मी पदर सावरत धावायची. दीर तिकडून एकेक वस्तू सांगायचा. दर माणशी दोन टॉवेल. काटे-चमचे. टोस्टर.

"टोस्टर घेऊन का करू भाऊजी? इथी लाइन कुठी राह्यते?"

"लाइन नसते म्हणजे?" गावातली वीज कशी येते-जाते, हे इतक्या वर्षांत तो विसरला होता.

गाद्या मी चंद्रपुरात भरून घेतल्या. गादीवाले चाचा आमच्या ओळखीचे, मुलींच्या लग्नातल्या गाद्याही त्यांच्याच हातच्या. गोऱ्या माणसांसाठी हव्यात म्हटल्यावर त्यांनी मापाची दोरी खाली ठेवली. "फॉरेनर है? तो फिर वजनदार होगा. रुई दबा के भरेंगे, बाई." त्यांनी इतकी दाबून भरली, की गाडीतून गादी उतरवताना चौघं लागले. नवरा तिच्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "अवं, हे गादी नाई, ओटा हाय." मला हसू आलं, पण क्षणभरच. त्यांची पाठ दुखली तर? पाठीपायी घर गेलं तर? मी त्यावर घरातल्या जुन्या गोधड्या अंथरल्या, वर पांढरी चादर ताणली आणि स्वतः झोपून पाहिलं. झोप आली नाही, पण दोष गादीचा नव्हता.

कमोड बसवला तेव्हा मिस्त्रीपासून नवऱ्यापर्यंत सगळे त्याच्याभोवती उभे राहून पाहत होते. पडदे मी घरच्या मशीनवर शिवले, ते खिडकीला आखूड झाले, मग खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडली. ती पट्टी मला दिवसभर दिसायची. पडद्याकडे पाठ करून बसले तरी दिसायची.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. घर आणि न्हाणी यांच्या मधल्या अंगणात मोहाचं मोठं झाड होतं. बुरडाकडून मी बांबूच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल करून आणलं आणि त्या सावलीत मांडलं. इथं बसून ते चहा पितील, झाडाकडे बघतील आणि दिराला चांगलं लिहितील, असं माझ्या मनात होतं.

मोह फुलायला लागला तशी एका पहाटे अंगणात खुडबुड ऐकू आली. पाहते तर शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीतली, एक म्हातारी, डोक्याला फडकं, कमरेला टोपलं, माझ्या खुर्च्या बाजूला सारून फुलं वेचत होती. झाडाखालचा पाला तिनं आदल्या दिवशी, आम्ही चंद्रपूरला गेलो असताना, झाडून जाळला होता. काळी राख टेबलाच्या पायापर्यंत आली होती.

"कोण हो बाई तुमी? इथी काऊन आल्या?"

"मोह येचाले," ती मान वर न करता म्हणाली. "हा मोह आमचा. सासू येचे, आता मी येचतो. जागा तुमची, झाड आमचा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, इकडे असंच असतं, कोणता मोह कोणत्या घरचा हे ठरलेलं असतं, जमीन कोणाची का असेना. "येचू दे ना. तुले काय फुलाचे हार करा लागते?"

पण मला धीर नव्हता. दिरानं बजावून सांगितलं होतं, की तिकडच्या लोकांना एकांत लागतो, आवारात परकं माणूस नको. पाहुणे पहाटे खिडकी उघडतील आणि त्यांना काय दिसेल? पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी म्हातारीला म्हटलं, "बाई, चार दिवस येऊ नोका. पाहुणे हायेत."

"मोह काय पाहुणे पाहून पडते?" ती म्हणाली आणि टोपलं उचलून गेली. मी फाटकाला कुलूप लावलं.

पाहुणे आले. दोघंही पातळ अंगाचे. गादीवाल्या चाचांचा अंदाज पार चुकला होता. ते सारखे हसायचे आणि सारखे आभार मानायचे, आणि मला त्या हसण्याचा अर्थ लागत नव्हता. आमच्याकडे पाहुण्याला भाजीत मीठ कमी वाटलं तर तो सांगतो. हे प्रत्येक गोष्टीला छान म्हणायचे. छान म्हणता म्हणता मनात काय ठेवत होते, देव जाणे. ते पहाटे जिप्सीतून जंगलात जायचे आणि उन्हानं लाल होऊन परत यायचे. वाघ काही दिसला नाही. वाघ दिसत नव्हता त्याची चूकही मला माझीच वाटू लागली होती.

अंगणात फुलं पडत राहिली. मी वेचली नाहीत, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पडलेली दिसायला बरी दिसतात, असंच मला वाटलं. दोन दिवसांत गोड, आंबूस वास घरभर भरला.

तिसऱ्या दिवशी जंगलाला सुट्टी होती, म्हणून पाहुणे घरीच होते. उजाडत होतं. मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि नवरा पलीकडे न्हाणीत त्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवत होता. इतक्यात ती पाहुणी बाई अनवाणी स्वयंपाकघरात आली, ओठावर बोट ठेवून. तिनं माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं. तिचे डोळे लहान पोरीसारखे चमकत होते.

मोहाखाली अस्वल होतं. मागचं काटक्यांचं कुंपण एका जागी आडवं झालं होतं. अस्वल खाली मान घालून फुलं खात होतं, खाताना मोठ्यानं श्वास ओढत होतं. माझी एक खुर्ची त्यानं उलथवली होती. पलीकडच्या खिडकीतून तिचा म्हातारा भराभर फोटो काढत होता.

मला अस्वल दिसलं आणि त्याच्यामागे न्हाणीचं पत्र्याचं दार दिसलं. कारखान्यातल्या मशीनच्या आवाजानं नवऱ्याचे कान अधू झालेले. हाक मारली तर त्याला ऐकू जाणार नाही, अस्वलाला जाईल. आमच्या भागात वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. वाघ माणूस पाहून बाजूला होतो, अस्वल दचकलं की सरळ तोंडावर येतं. फाडलेल्या चेहऱ्याची माणसं मी बाजारात पाहिली आहेत. मी बाईचा हात घट्ट दाबून धरला. तिला वाटलं मीही आनंदात आहे, तिनं उलट माझा हात दाबला.

दार उघडलं. नवरा दोन्ही हातांत गरम पाण्याची बादली धरून बाहेर आला. पाच-सहा पावलं चालला आणि थांबला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. म्हाताऱ्याचा कॅमेरा खटखट वाजत होता. ते किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. अस्वलाच्या मनात काय आलं कोण जाणे, ते खाली झालं, एकदा घुसमटल्यासारखं गुरगुरलं आणि कुंपणाच्या भगदाडातून निघून गेलं.

मी धावले. नवरा न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसला होता. बादली उपडी झालेली, एक पाय भाजून लाल झालेला.

"पाणी सांडलं अवं," तो म्हणाला. "परत तापवा लागन."

पाहुणे दुपारी निघाले. जाताना बाईनं मला मिठी मारली. इतके आनंदी पाहुणे मी आजवर कुठल्या लग्नातही पाहिले नाहीत. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी फाटकाचं कुलूप काढून म्हातारीकडे निरोप पाठवला. दुसऱ्या पहाटे ती आली. सडलेली फुलं एका बाजूला काढली, ताजी टोपल्यात भरली आणि झाडाखाली लख्ख झाडून गेली. अस्वल पुन्हा फिरकलं नाही.

आठवड्यानं पानठेल्यावरून हाक आली. आम्ही दोघंही गेलो. नवरा अजून लंगडत होता. फोनवर दीर आनंदानं ओरडत होता. "वैनी, कमाल केली तुम्ही! गाद्या म्हणू नका, जेवण म्हणू नका, त्यांना सगळंच आवडलं. आणि ते अस्वल! फोटो सगळ्यांना दाखवून राहिलेत. पुढचे दोघं विचारतही आहेत. घर तुमचंच समजा आता."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. नवरा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा पाहून तो हसायला लागला होता.

"फक्त एक करा," दीर म्हणाला. "ती फुलं कोणाला वेचू देऊ नका. पडू द्या तशीच. पुढचे लोक त्यासाठीच येणार आहेत. अस्वल रोज आलं पाहिजे."

मी त्याला सगळं सांगितलं. पाय भाजला ते, न्हाणीचं दार, टोल्यावरून पहाटे रानात जाणाऱ्या बाया. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वैनी, दादाला सांगा, उजाडेपर्यंत बाहेर निघू नको. अन् तुम्हाला तर कशाचीही भीती वाटते."

"वाटते भाऊजी," मी म्हणाले. "चमच्यायची वाटे, पडद्याची वाटे. ते उगाच होतं. हे उगाच नाई. म्हातारीले मी नाई थांबवत. तुमी घर इकून टाका."

मग विकतोच, म्हणून त्यानं फोन ठेवला. बोलावण्याचे पैसे पानठेलेवाल्याला द्यायचे होते, ते नवऱ्यानं आधीच काढून हातात धरले होते. तो अजून हसत होता. मी त्याच्या बऱ्या कानाशी जाऊन म्हटलं, "घर इकून राह्यले ते. आपल्याले भद्रावतीत खोल्या पाहा लागतीन."

तो चपापला. "काऊन? पाहुण्याले नाई आवडलं?"

"लय आवडलं," मी म्हणाले आणि तिथंच, माणसांच्या देखत, मला रडू फुटलं.